कीबोर्डातल्या अक्षता

वामनभावजी समथरला पोटभर जेवत असतील का, हा प्रश्न उषाच्या डोक्यातून काही केल्या जात नव्हता. कोजागरीच्या दुधासाठी बदाम भिजत घालतानाही तोच, गच्ची झाडून घेतानाही तोच. भावजींना परक्या घरी मागून घेता येत नाही. आपल्या घरी तरी कुठे येतं? पानातली पोळी संपली की ते हात आखडून गप्प बसतात. कुणाचं लक्ष गेलं तर दुसरी मिळते, नाही गेलं तर ताक पिऊन उठतात. लग्न होऊन आली तेव्हा हे उषाच्या ध्यानात यायलाच बराच काळ गेला. ध्यानात आल्यापासून ती त्यांना न विचारता वाढत आली होती. समथरला ते ज्यांच्याकडे उतरले होते त्या गोविंदरावांच्या सुना चांगल्या असतीलही, पण त्या विचारून वाढणार, आणि विचारलं की भावजी पानावर आडवा हात धरणार.

वामनभावजी म्हणजे उषाच्या नवऱ्याचे, रमाकांतांचे, धाकटे भाऊ. घराणं झाशीत कैक पिढ्यांचं. लक्ष्मी गेटच्या आतल्या गल्लीत घर. दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी नाहीतर बुंदेली, दाराच्या आत मराठी. रमाकांत कचेरीत लागले, भावजी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. लग्न केलं नाही. घरात त्यांची अशी जागा म्हणजे जिन्याखालची खोली, एक खाट आणि खुंटीवरची पिशवी. कुणाला स्टेशनवरून आणायचं असो, कुणाचं दळण असो, मराठी मंडळींच्या गणपतीची खुर्च्यांची मांडामांड असो, भावजी तिथे असायचेच. ते नसले म्हणजे मग लोकांना आठवायचे.

त्यांची एक सवय मात्र सगळ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध होती. कुठेही काही बिघडलं, सांडलं, हरवलं आणि दोन माणसांचे आवाज चढायला लागले की भावजी मधेच हळू आवाजात म्हणायचे, "लागला असेल माझाच हात." झालं, भांडण तिथेच संपायचं. लहानपणी रमाकांतांनी पतंगाच्या नादात शेजारणीची लोणच्याची बरणी गच्चीवरून खाली पाडली, तेव्हा मार वामनने खाल्ला होता. हे रमाकांत स्वतःच हसत हसत सांगायचे. पार्सल ऑफिसात एकदा आंब्यांच्या करंड्या भलत्याच फलाटावर पडून सडल्या. भावजी त्या दिवशी रजेवर होते, तरी साहेबांसमोर उभे राहिले, कारण ज्याची चूक होती त्याच्या घरी नुकतं बाळ जन्मलं होतं. बढती लांबली. त्यांचं लग्न मोडलं तेही असंच. देण्याघेण्यावरून आईने मुलीकडच्यांना दुखावलं होतं, पण समाजात आईचं नाव येऊ नये म्हणून भावजींनी सांगून टाकलं, की आपलंच मन नाही. पुन्हा कुणी मुलगी सांगून आली नाही.

घरात याची चेष्टा व्हायची. पाऊस लांबला तरी कुणीतरी म्हणायचं, वामनचा हात लागला असेल. भावजीही हसायचे. उषाही हसायची.

त्या घरात कॉम्प्युटर आला तो अंबिकासाठी. अंबिका उषाची एकुलती एक. घराण्यात इंजिनिअरिंगला जाणारी पहिली मुलगी म्हणून उषाने तिच्या अभ्यासाला देवासारखं जपलं होतं. पोरगी शिकायला ग्वाल्हेरला गेली, कॉम्प्युटर घरी राहिला. बघता बघता तो जुना झाला. सुरू होताना पंखा घरघरायचा, पडदा उजळायला वेळ लागायचा. उषाने त्याला झालर लावून फुलाफुलांचं कव्हर शिवलं होतं. सुट्टीत अंबिकाने काकांना तो चालवायला शिकवला, आणि दुपारी सगळे आडवे झाले की भावजी एका बोटाने आरत्या टाइप करत बसायचे. मोठ्या, ठसठशीत अक्षरांत. मंडळींमधल्या म्हाताऱ्यांना पुस्तकातली बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणून. काम आटोपलं की कॉम्प्युटर पुसून, कव्हर घालून, कीबोर्डवर प्लास्टिक पसरून उठायचे.

त्या वर्षी अंबिकाचं शेवटचं वर्ष. दसऱ्याला ती घरी आली तीच प्रोजेक्ट घेऊन. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायची, आणि उषा येताजाता दारातून डोकावून बघायची, की चाललंय ना नीट.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर आली. कात्री, विळी, शिवणाचं मशीन, रमाकांतांचं पेन, अंबिकाचा कॅल्क्युलेटर. कॉम्प्युटर काही पाटावर येण्यासारखा नव्हता, म्हणून पूजाच त्याच्यापाशी गेली. भावजींनी आधीच तो स्वच्छ पुसून ठेवला होता. कीबोर्डवर प्लास्टिक तसंच होतं. उषाने ते काढलं.

"वहिनी, असू द्या ते," भावजी म्हणाले.

"झाकलेल्याची कुठे पूजा होते, भावजी?" असं म्हणून उषाने कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, फुलाने पंचामृताचा शिंतोडा दिला आणि मूठभर अक्षता टाकल्या. पोरीचं वर्ष पार पडू दे, असं मनात म्हणत टाकल्या, त्यामुळे जरा जास्तच पडल्या. पूजा झाल्यावर दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा घरातला नेम. आणि तो सगळ्यांत कडक पाळणारे भावजीच. त्या दिवशी त्यांनी पेन्सिलला टोकसुद्धा केलं नसतं.

दसऱ्याच्या दिवशी पहाटेच ते बसने चिरगाँवच्या बाजूला गेले. तिकडे एका शेताच्या बांधावर आपट्याचं झाड होतं, ते त्यांनी कधीकाळी शोधून ठेवलेलं. दर वर्षी झाशीतल्या मराठी घरांना पुरेल इतकं सोनं पिशवी भरून तेच आणायचे. संध्याकाळी सोनं द्यायला माणसं आली. शेजारच्या बुंदेली घरांतून रिवाजाप्रमाणे विड्याचं पान आलं होतं. एका तबकात पान, एका तबकात आपटा, असा त्या घरातला दसरा. मराठी मंडळींतल्या यमुनाकाकू आल्या, हरिभाऊ आले, कमळा आली. बोलता बोलता अंबिकाचा विषय निघाला आणि उषाला राहवलं नाही. ती म्हणाली, दाखव ना गं तुझं प्रोजेक्ट सगळ्यांना.

अंबिकाने कव्हर काढून बटण दाबलं. पंखा घरघरला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली आणि कॉम्प्युटर एकदम ओरडायला लागला. टीं टीं टीं, थांबेचना. पडद्यावर तळाला इंग्रजीत लिहून आलं होतं, की कीबोर्डमध्ये बिघाड आहे, पुढे जायला कीबोर्डवरचं अमुक बटण दाबा. अंबिकाने ते दाबलं. काही झालं नाही. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तेच.

"रडतंय का काय हे?" यमुनाकाकू म्हणाल्या.

हरिभाऊंनी सवयीने भावजींकडे मान वळवली. "वामन, तुझा तर हात नाही ना लागला?"

सगळे हसले. तेवढ्यावर निभावलं असतं. पण पोरीचं सगळं वर्ष त्या डब्यात अडकलंय असं उषाला वाटलं, आणि कौतुक करायला बसवलेल्या लोकांसमोर तो डबा कोकलत होता. ती भावजींकडे वळली. "काल पूजा झाल्यावर तुम्ही बसला होतात ना यावर?"

भावजी आपट्याचं तबक घेऊन उभे होते. त्यांनी आधी कीबोर्डकडे पाहिलं, मग उषाकडे पाहिलं. मग म्हणाले, "बसलो असेन, वहिनी. लागला असेल माझाच हात."

या वेळी उषा हसली नाही. "ज्याला कळत नाही त्यानं लांब राहावं," ती म्हणाली. "पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

भावजींनी तबक हळूच टेबलावर ठेवलं आणि पाणी आणतो म्हणून आत गेले. खोलीत प्रत्येकाच्या हातात त्यांनी आणलेली पानं होती.

थोड्या वेळाने अंबिका आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. ती झाशीत वाढलेली, राग आला की तिचं मराठी अर्ध्यावरच हिंदीत जायचं. "मम्मी, काका नव्हते बसले. कल से तो किसी ने हाथ नहीं लगाया. आणि प्रोजेक्ट माझ्या पेनड्राइव्हमध्ये पण आहे. असं सबके सामने कोण बोलतं?"

"हळू बोल," उषा म्हणाली. "लोक बसलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंबिका ग्वाल्हेरच्या गाडीत बसली. तिची बॅग स्टेशनापर्यंत नेहमीप्रमाणे भावजींनीच नेली. परत आल्यावर त्यांनी पिशवीत दोन कपडे घातले आणि गोविंदरावांकडे चार दिवस जाऊन येतो म्हणाले. गोविंदराव म्हणजे पार्सल ऑफिसातले त्यांचे जुने सोबती, आता समथरला मुलांकडे राहणारे. भावजी कधीतरी तिकडे जायचे, त्यामुळे रमाकांतांना काही वाटलं नाही. निघताना भावजी उषाला म्हणाले, "येतो, वहिनी." रोजच्यासारखंच म्हणाले. तिने मान हलवली आणि हातातली भाजी निवडत राहिली.

मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, भाभीजी, त्योहार निकल जाने दो. मग अंबिकाच फोनवरून एकेक सांगायला लागली आणि उषा करायला लागली. बी. ए. झालेली बाई, पडद्यावरचं इंग्रजी तिला वाचता येत होतं. मागच्या वायरी हलवून घट्ट केल्या. काही नाही. मग अंबिका म्हणाली, बंद कर, कीबोर्डची वायर काढ आणि नुसताच चालू कर. उषाने तसं केलं. पडद्यावर तक्रार तीच होती, पण ओरडणं थांबलं होतं.

"मग कुठलं तरी बटण दाबलेलं राहिलंय," अंबिका म्हणाली. "उलटा करून झटक."

उषाने फोन ठेवला, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कीबोर्ड त्यावर उपडा धरून थोपटला. आधी झेंडूच्या पाकळ्यांचे तुकडे पडले. मग उदबत्तीची राख. मग टप टप करत कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे. सगळ्यांत खालचं लांब बटण खाली बसलेलंच होतं. केसातला आकडा घालून तिने ते उचकटलं, तर त्याखाली दोन अक्षता पंचामृतात चिकटून, वाळून बसलेल्या होत्या.

ती वर्तमानपत्रापुढे बसून राहिली. प्लास्टिक काढणारा हात तिचा. असू द्या ते, असं म्हणणारे भावजी. आणि मग दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी आधी कीबोर्डकडे पाहिलं होतं, मग तिच्याकडे. त्यांना माहीत होतं. तेव्हाच माहीत होतं. नुसतं बोट दाखवलं असतं तरी सगळ्यांदेखत तिची फजिती झाली असती, म्हणून त्यांनी ते अंगावर घेतलं होतं. आणि घेतल्यावर ती त्यांना म्हणाली होती, ज्याला कळत नाही त्यानं लांब राहावं.

तिने वायर जोडून बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि कॉम्प्युटर मुकाट्याने सुरू झाला. अंबिकाचं प्रोजेक्ट होतं तिथेच होतं. त्याच्या शेजारी भावजींच्या आरत्या होत्या.

बाहेरच्या खोलीतून रमाकांतांनी विचारलं, "झालं का गं सुरू?"

"झालं," उषा म्हणाली.

"काय होतं?"

"वायर ढिली होती."

हे तोंडातून निघालं तेव्हा तिचं तिलाच कळलं नाही. बोलून गेल्यावर कळलं. तरीही ती उठून बाहेर गेली नाही. अक्षता केरात टाकायच्या नसतात, म्हणून तिने त्या एका वाटीत गोळा केल्या आणि वाटी देव्हाऱ्यामागे सारली. तुळशीत टाकू उद्या, असं ठरवलं. पण तुळशीत टाकायच्या तर हातात घ्यायला हव्या होत्या, ते तिच्याने होईना. सकाळी पूजेला बसली की वाटी दिसायची. ती नजर देवाकडे ठेवायची.

कोजागरीच्या सकाळी रमाकांत फोनवरून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. गोविंदरावांचा फोन होता. वामन म्हणतोय, समथरलाच एखादी खोली बघतो, हवा मानवते. "हवा काय मानवते?" रमाकांत म्हणाले. "इथून तिथवर हवेत असा काय फरक पडणार आहे? तुला काही बोलला होता का?"

"नाही," उषा म्हणाली. हे खरंच होतं. भावजी काहीच बोलले नव्हते.

"म्हातारपणी याच्या डोक्यात काय आलं कोण जाणे," असं रमाकांत म्हणाले आणि गेले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. लहानपणापासून ज्याच्याबरोबर एका घरात झोपले, तो भाऊ न सांगता निघून गेल्यासारखा त्यांचा आवाज होता. तेव्हापासून उषाच्या मनात तो जेवणाचा प्रश्न घोळायला लागला होता. जेवणाचा विचार केला की दुसऱ्या गोष्टीचा करावा लागत नव्हता.

दुपारी बायका पिस्ते-बदाम कापायला आल्या. मराठी मंडळींची कोजागरी यंदा उषाच्या गच्चीवर होती. दर वर्षी मोठ्या कढईपाशी बसून दूध आटवण्याचं काम भावजींचं. ढवळणं एकदाही न थांबवता ते धुरात बसायचे आणि खाली लागू द्यायचे नाहीत. यमुनाकाकूंनी बैठकीतल्या सतरंजीवर बसता बसताच विचारलं, "आज दूध कोण आटवणार? वामन आला का?"

"नाही," उषा म्हणाली.

"येतोय कसला. कॉम्प्युटर बिघडवला आणि पळाला बिचारा," यमुनाकाकू हसून म्हणाल्या. "आता दूध नासलं तरी समथरहून म्हणेल, लागला असेल माझाच हात."

कमळा हसली. कमळाची सून हसली. आणि उषाच्या लक्षात आलं, की आपलाही चेहरा हसतोय. ओठ आपोआप ताणले गेले होते, जसे इतकी वर्षं जात होते. शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर फुलाफुलांच्या कव्हराखाली धडधाकट होता. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि आतून तिला लाज वाटली. बायकांनी चेष्टा करावी, त्या बाहेरच्या. आपल्याला तर खरं ठाऊक होतं. ठाऊक असूनही आपण त्या माणसाच्या गैरहजेरीत त्याच्यावर हसलो, आणि असंच हसत राहिलो तर तो समथरला एखाद्या खोलीत एकटा राहील, कुणी विचारलं तर हवा मानवते म्हणेल, आणि आपलं नाव मरेपर्यंत काढणार नाही.

तिने सुरी ताटात ठेवली. आत जाऊन देव्हाऱ्यामागची वाटी आणली आणि पिस्त्यांच्या ताटाशेजारी ठेवली.

"हे काय गं?" यमुनाकाकूंनी वाकून पाहिलं. "अक्षता?"

"कीबोर्डमधून निघाल्या," उषा म्हणाली. "मी टाकलेल्या. भावजींनी वर प्लास्टिक घातलं होतं, ते मी काढलं. त्यांचा हात लागला नव्हता, काकू. त्या दिवशीही नाही, आणि मला वाटतं, कधीच नाही."

कमळाच्या सुनेने पदर सावरला. यमुनाकाकूंनी वाटीतला एक दाणा बोटाने इकडचा तिकडे केला आणि म्हणाल्या, "मग हे त्याला सांगितलंस का?"

"नाही. ह्यांनाही नाही सांगितलं."

पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज झाला. रमाकांत दारात येऊन उभे राहिले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, उषाकडे पाहिलं, आणि खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले नाहीत, आणि ते तिला जास्त लागलं.

फोन बैठकीतच कोपऱ्यातल्या तिवईवर होता. या बायका गेल्यावर करू, असं तिच्या मनात एकदा येऊन गेलं. दार लावून, हळू आवाजात. पण भावजींना ती जे बोलली होती ते दार लावून बोलली नव्हती. भावजी काय म्हणतील तेही तिला माहीत होतं. वहिनी, जाऊ द्या हो, लागला असेल माझाच. ते म्हणू लागले की त्यांना मधेच अडवायचं होतं. आणि समथरची बस आत्ता मिळाली तर दूध चुलीवर चढायच्या आत पोहोचाल, असंही सांगायचं होतं, विचारायचं नव्हतं.

यमुनाकाकू उठायला लागल्या. "आम्ही जरा वर गच्चीवर जातो."

"नका जाऊ, काकू," उषा म्हणाली. "बसा इथेच."

तिने पदराला हात पुसले, तिवईपाशी गेली, आणि रमाकांतांकडे न बघता म्हणाली, "गोविंदरावांचा नंबर सांगा."